१७ वेळा वर्ल्ड चॅम्पियन आणि ३ वेळा महाराष्ट्र केसरी: जास्त अवघड काय?

गिरणाकाठ

मंडळी, गावात भांडण पेटलंय आणि निकाल इथे लावायचा आहे.

यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीचा फ्लेक्स करायला दिला होता. वर मारुतीराया, मध्ये गदा घेतलेले आपले विजय चौधरी, खाली पंचकमिटीचे चेहरे (त्यातले निम्मे दंगलीच्या दिवशी सावलीतून हलत नाहीत). डिझाइन करणाऱ्या पोरानं कोपऱ्यात जॉन सीना टाकून दिला. खांद्यावर पट्टा, चेहऱ्यासमोर हात हलवतोय. ग्रुपवर आबा लोकांनी विचारलं, हा पैलवान कोणत्या तालमीचा? पोरगा म्हणाला, "१७ वेळा वर्ल्ड चॅम्पियन आहे. चौधरी तीनच वेळा." झालं. त्यानंतर ग्रुपवर कोणी कपाशीचा भावसुद्धा विचारला नाही.

मी दोन्ही बघतो, मातीतली कुस्तीही आणि टीव्हीवरची डब्ल्यूडब्ल्यूईही, म्हणून दोन्हीकडून शिव्या खातोय. सीनाचा आकडा खरा आहे. पहिला मोठा पट्टा (तिथे किताब म्हणजे पट्टा) एप्रिल २००५ मध्ये, रेसलमेनिया २१ या त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात जेबीएलला हरवून. सोळावा जानेवारी २०१७ मध्ये. तिथे तो रिक फ्लेअरच्या १६ च्या विक्रमाच्या बरोबरीला आला आणि मग आठ वर्षं अडकून राहिला. सतरावा २० एप्रिल २०२५ ला, लास वेगासमध्ये, कोडी ऱ्होड्सकडून. ऑगस्टमध्ये कोडीनंच तो परत घेतला.

आता माझी शंका. १७ वेळा जिंकायचं तर मधे १६ वेळा पट्टा हातातून जायला पाहिजे. विजयभाऊ २०१४ ला अहमदनगरला महाराष्ट्र केसरी जिंकले, २०१५ ची स्पर्धा नागपूरला, २०१६ ची पुण्यात वारज्याला. तिन्ही सलग. मधे गमावलंच नाही, म्हणून परत मिळवायचा प्रश्न आला नाही. मग "किती वेळा" हा आकडा दोन्हीकडे एकच गोष्ट मोजतो का?

फक्त "खोटं आहे" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू. ते आमच्या ग्रुपवर लिहून झालंय.

कपाशीवाला

खोटं आहे.

तठलं बठ्ठं ठरेल ऱ्हास. कोण जिंकणार, कसा जिंकणार, आधी कागदावर. लग्नात नवरदेवानं अंतरपाट जिंकला असं म्हणतो का आपण? चौधरी तीन, सीना शून्य. धागा बंद करा.

भुसावळ जंक्शन

आप्पा, ठरलेलं असतं हे तुम्ही शोधून काढलेलं नाही. डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनं (तेव्हा नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ) स्वतः १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगितलं की आमचा खेळ नाही, करमणूक आहे. कारणही मजेदार. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली, परवाने आले, कर आला. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं गुपित पैसे वाचवायला सोडून दिलं. आपल्याकडचा कोणताही व्यापारी हे समजून घेईल.

तेव्हा ठरलेलं आहे, मान्य. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ठरवणाऱ्यांनी १७ वेळा याचंच नाव का ठरवलं?

त्या धंद्यात पट्टा म्हणजे कंपनीनं एका माणसावर लावलेला पैसा. चॅम्पियनला दर आठवड्याला टीव्हीवर उभं राहावं लागतं, गावोगावच्या शोमध्ये शेवटची लढत त्याची असते, पोस्टरवर तोंड त्याचं, टी-शर्ट त्याचे. गर्दी ओसरली की पट्टा दुसऱ्याकडे जातो. एखाद्याला एकदा पट्टा देऊन बघणं वेगळं आणि वीस वर्षं पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जाणं वेगळं. १७ हा आकडा १७ लढतींचा नाही. अडचणीत सापडल्यावर कंपनी १७ वेळा कोणाच्या दारात गेली, त्याचा आहे.

आणि गिरणाकाठ भाऊ, तुमच्या शंकेला जोड देतो. ब्रुनो सामार्टिनो मोठ्या पट्ट्याचा फक्त दोनदा मानकरी. १७ मे १९६३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत उचललं आणि पट्टा सोडला तो जानेवारी १९७१ मध्ये, इव्हान कोलॉफकडे. २८०३ दिवस. दुसऱ्या वेळी १२३७ दिवस. दोन्ही मिळून अकरा वर्षांच्या वर! आकडा मात्र दोनच. हल्क होगनचा १९८४ पासूनचा पहिला काळ १४७४ दिवसांचा.

मग पुढे आकडे का फुगले? तेव्हा मोठी लढत बघायची तर तिकीट काढून गार्डनला जावं लागे. आपला माणूस अजून चॅम्पियन आहे, हेच बघायला लोक येत. १९९३ पासून दर सोमवारी टीव्हीवर रॉ हा शो सुरू झाला, पुढे महिन्याला एक मोठा कार्यक्रमही. एवढे तास भरायचे तर काहीतरी बदलत राहायला हवं, आणि बदलायला सगळ्यात सोपा पट्टा. सीना १९६५ साली असता तर दोनदाच जिंकला असता, पण दहा वर्षं ठेवला असता.

एक पुरवणी: १६ वेळा गेला म्हणजे १६ वेळा हरला असं नाही. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये छातीचा स्नायू फाटला म्हणून त्यानं वर्षभराहून जास्त सांभाळलेला पट्टा सोडला होता. तो स्नायू काही कागदावर फाटला नव्हता.

बिबडं

आमच्या यावलच्या शाळेत हा वाद या पैलवानांच्या ट्रम्प कार्डावर मिटायचा. रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढती, जिंकलेल्या लढती. किती पट्टे, असा रकानाच नव्हता. हातात योकोझुना असला की "वजन" म्हणायचं, समोरचा पत्ता गेला. आमच्या एका मित्राकडे अर्धी गड्डी मधल्या सुट्टीत आणि अर्धी मुख्याध्यापकांच्या कपाटात असायची.

गिरणाकाठ

विषयांतर गोड आहे, चालू द्या.

लालमाती

नमस्कार. अमळनेर. मी तालमीत वाढलेला माणूस, इंग्रजी कुस्ती नातू बघतो, मी शेजारी बसून झोपतो. महाराष्ट्र केसरीचं बोलतो, कारण "तीनच वेळा" हे ज्या पोरानं लिहिलं त्याला हिशोब सांगणारा कोणी भेटलेला दिसत नाही.

१९६१ साली औरंगाबादला पहिला मान दिनकर दह्यारींना. त्यानंतर लागोपाठ दोनदा कोणी मारला? गणपतराव खेडकर १९६४ आणि ६५. चंबा मुतनाळ १९६७, ६८. दादू चौगुले १९७०, ७१. लक्ष्मण वडार १९७२, ७३. मग थेट २००७ आणि ०८ ला चंद्रहार पाटील. मधली तेहतीस वर्षं एकाही मल्लाला पुढच्या वर्षी मान राखता आला नाही. त्यात काय कमी दमाचे गडी झाले? एकाहून एक. तरी नाही जमलं.

तीनदा तर पन्नास वर्षांत कोणीच नाही. २०११, १२, १३ ला नरसिंग यादवनं मारलं आणि त्याच्या पाठोपाठ आपल्या सायगाव बगळीच्या विजयनं २०१४, १५, १६. सहा वर्षांत दोघांनी मिळून सगळ्यांना कुलूप लावलं.

अवघड का, ते सांगतो. महाराष्ट्र केसरीला गादीचा (मॅटवरचा) विजेता आणि मातीचा विजेता शेवटी एकमेकांसमोर येतात. म्हणजे आपल्या बाजूचे सगळे गडी आधी पाडायचे, मग दुसऱ्या बाजूचा वाघ. गट खुला, वजन ८६ पासून १२५ पर्यंत. नरसिंग ऑलिंपिकच्या हिशोबात ७४ किलोचा मल्ल, तो इथे आपल्यापेक्षा जड गड्यांशी भिडायचा. आणि एकदा गदा खांद्यावर आली की वर्षभर सगळा महाराष्ट्र तुझाच अभ्यास करतो. तुझा पट (पाय धरायचा डाव) कुठून येतो, तू दमतोस कधी, कोणत्या पायावर उभा राहतोस. तिसऱ्या वर्षी लपवायला डाव उरत नाही. वारज्याला शेवटच्या कुस्तीत समोर अभिजित कटके होता. तो हरला आणि पुढच्याच वर्षी भूगावला महाराष्ट्र केसरी झाला. यावरून समोरचा गडी कोण होता ते ओळखा.

अजून एक. वरची नावं बघा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे. खान्देशच्या पोरानं इकडच्या तालमीत जोर काढायचे, पण अंगाला लागणारी जोड, गादीचा सराव, वस्ताद हे सगळं घर सोडल्याशिवाय मिळत नाही. विजयलाही पुण्याची वाट धरावी लागली. इथे राहून किती पोरं तालुक्याच्या दंगलीतच म्हातारी झाली, ती मी पाहिली आहेत.

कपाशीवाला

नाना, सोनं लिहिलंत. आपला पोऱ्या शे तो!

एकवीरा धुळे

धुळ्याहून. तुम्ही सगळे मोठे आकडे घेऊन बसलात, मला एकच पट्टा आठवतो. २००७ चा जुलै, द ग्रेट खली.

एज जखमी झाला, वर्ल्ड हेवीवेटचा पट्टा रिकामा पडला, २० जणांना एकदम रिंगमध्ये सोडलं आणि शेवटी खली उरला. आमच्याकडे तेव्हा भारनियमन. आमच्या कॉलनीत लाईट जायची तेव्हा देवपुरात असायची, म्हणून सायकली काढून मावशीकडे. मावशीला वाटलं परीक्षेचा निकाल लागला. सप्टेंबरमध्ये बॅटिस्टानं पट्टा काढून घेतला. एकदाच जिंकला, दोन महिने ठेवला, कुस्ती म्हणाल तर त्याला धड वाकताही येत नव्हतं. पण धुळ्यात पानटपरीवर विचारून बघा. रँडी ऑर्टन १४ वेळा चॅम्पियन झालाय हे कोणी सांगणार नाही, खली सगळे सांगतील.

त्यानंतर जिंदर महल. २०१७ च्या मेमध्ये ऑर्टनलाच हरवून वरचा पट्टा घेतला, नोव्हेंबरात एजे स्टाइल्सनं काढला. पोरगा कॅनडात जन्मलेला, आम्ही तरी आपलाच म्हणून टाळ्या वाजवल्या.

भुसावळ जंक्शन

एकवीरा, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. भारतातला बाजार मोठा, म्हणून भारताचा वाटेल असा चॅम्पियन. ज्याच्यामुळे प्रेक्षक मिळेल त्याच्या कमरेला पट्टा.

कपाशीवाला

म्हणजे जाहिरात. मग जाहिरात म्हणा ना, चॅम्पियन कशाला म्हणता? मले पटनं नही.

भुसावळ जंक्शन

कारण जाहिरातीत मान मोडत नाही, आप्पा.

१९९७ च्या समरस्लॅममध्ये ओवेन हार्टचा पाइलड्रायव्हर (डोकं खाली धरून आपटायचा डाव) चुकला आणि स्टीव्ह ऑस्टिन रिंगमध्ये मानेखाली सुन्न होऊन पडला. तशातही त्यानं हार्टला कसंबसं गुंडाळून लढत संपवली, कारण इंटरकॉन्टिनेंटल हा दुसऱ्या नंबरचा पट्टा त्या रात्री त्याच्याकडे जायचा होता. एजनं ३१ पट्टे जमवले (मोठे ११, बाकी इंटरकॉन्टिनेंटल, जोडीचे वगैरे धरून) आणि एप्रिल २०११ मध्ये मानेच्या मणक्यांमुळे चॅम्पियन असतानाच निवृत्ती घेतली. नऊ वर्षांनी परत आला, ती गोष्ट वेगळी. शेवट ठरलेला असला तरी पाठ फळीवर खरीच आपटते, आणि वर्षातून कितीतरी रात्री आपटते.

आणि नानांसाठी खास: कर्ट अँगल. अटलांटा ऑलिंपिक १९९६, १०० किलो, फ्रीस्टाइल, सुवर्ण. खरं सुवर्ण. तोच माणूस ऑक्टोबर २००० मध्ये द रॉकला हरवून तिकडचा चॅम्पियन झाला. दोन्ही प्रकारचं जिंकणं एकाच अंगानं भोगलेली माणसं फार थोडी आहेत.

लालमाती

ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन माणूस तिकडे का गेला?

भुसावळ जंक्शन

नाना, पोटासाठी. सुवर्णपदकावर आयुष्य निघत नाही, हे अमेरिकेतही तसंच आहे.

लालमाती

हे मात्र एकदम समजलं.

तापीची लेक

शिरपूर. एवढा लांब धागा वाचला, एक बाई सापडली नाही. एकवीराच्या मावशी सोडून.

शार्लट फ्लेअर, रिक फ्लेअरची मुलगी, १४ वेळा वर्ल्ड चॅम्पियन. बापाच्या १६ पासून दोनच पावलं. आणि कोणत्या परिस्थितीत, तेही बघा. २०१६ पर्यंत त्या कंपनीत बायकांच्या पट्ट्याला "डिव्हा" (तोऱ्यातली नायिका) म्हणत आणि त्यावर गुलाबी फुलपाखरू होतं. पुरुषांच्या पट्ट्यावर गरुड, यांच्या पट्ट्यावर फुलपाखरू! रेसलमेनिया ३२ ला तो बंद करून नवा पट्टा आणला, तो पहिल्यांदा शार्लटनं जिंकला. २०१९ मध्ये बेकी लिंच, शार्लट आणि रोंडा राउझी अशी बायकांची लढत पहिल्यांदाच रेसलमेनियाची शेवटची लढत झाली. बेकीनं एका रात्रीत दोन्ही पट्टे उचलले.

आपल्याकडे? पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून. महिला महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. पहिली मानकरी प्रतीक्षा बागडी. मधे ६२ वर्षं. "आमची कुस्ती खरी, तुमची खोटी" म्हणताना हाही आकडा फ्लेक्सवर टाका.

गिरणाकाठ

ताई, आमच्या दंगलीत मुलींची एकही जोड लावलेली नाही. आजच कमिटीत विषय काढतो.

तापीची लेक

काढा. आणि इनामात कुकर नको. मुलगी जिंकली की तिला कुकर आणि मुलगा जिंकला की रोख, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

गणिताचे सर, जामनेर

उशिरा आलो, पेपर तपासत होतो. सगळे आकड्यांवर भांडताहेत, पण आकडा मोजतो कोण, हे कोणी विचारलेलं नाही.

रिक फ्लेअरचे १६ घ्या. एनडब्ल्यूएचे ८, डब्ल्यूसीडब्ल्यूचे ६, डब्ल्यूडब्ल्यूएफचे २. तीन वेगळ्या दुकानांचे पट्टे एका बेरजेत. दुसरे लोक हाच हिशोब वीसच्या वर नेतात. एखाद्या दौऱ्यात पट्टा गेला, काही दिवसांत परत आला, अशा अदलाबदली कंपनी धरत नाही, चाहते धरतात. म्हणजे सीनानं जो विक्रम मोडला, तो एका हिशोबवहीतला विक्रम आहे.

हसू नका, आपल्याकडेही तेच सुरू झालंय. कुस्तीगीर संघटनेत दोन गट पडले आणि महाराष्ट्र केसरीही दोन झाल्या. शिवराज राक्षे जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखनं त्याला काही सेकंदांत चीत केलं. आणि त्याच महिन्यात धाराशिवच्या अंतिम लढतीत राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून मान मिळवला. एकाच महिन्यात एकच मल्ल "महाराष्ट्र केसरी" हरलाही आणि जिंकलाही. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. आता सांगा, २०२५ चा महाराष्ट्र केसरी कोण? विद्यार्थ्यानं परीक्षेत विचारलं तर मी काय लिहायला सांगू?

चौधरींचे तीन आणि नरसिंगचे तीन यांना वजन आहे ते यामुळेही. त्या सहा वर्षांत स्पर्धा एकच होती, पळवाट नव्हती.

कपाशीवाला

सर, एवढं डोकं बाजार समितीत कोणी लावलं असतं तर आमचं भलं झालं असतं.

फौजदारी डाळ

सर्वात जास्त वेळा चॅम्पियन कोण, यावर एवढा काथ्याकूट? उत्तर आर-ट्रुथ. ५४ वेळा.

२०१९ मध्ये एक हिरवा पट्टा काढला होता, २४/७ नावाचा. नियम एकच: रेफ्री सोबत असेल तर कधीही, कुठेही, झोपेतसुद्धा दाबून धरा, पट्टा तुमचा. गोल्फच्या मैदानावर गेला, विमानात गेला. जिंदर महलकडेही आला होता, बिचाऱ्याकडे. २०२२ मध्ये पट्टा कचऱ्याच्या डब्यात गेला आणि खेळ संपला. ५४! फ्लेक्सवर याला टाका.

गणिताचे सर, जामनेर

माझा मुद्दा तीन पानांत मी मांडला, यांनी पाच ओळींत.

लालमाती

सगळं वाचलं. नातवानं वाचून दाखवलं, खरं तर. एक गोष्ट बोलायची राहिली आहे, बोलू का नको असं चाललं होतं.

आपल्या मातीत ठरलेल्या कुस्त्या होतच नाहीत, असं कपाशीवाला म्हणत असतील तर त्यांनी यात्रेत फक्त भरीत खाल्लंय. नुरा कुस्ती हा शब्द काही अमेरिकेतून आलेला नाही. दंगलीत रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात, त्या सगळ्या खऱ्या. पोरं चावतातसुद्धा. मग भांड्यांच्या, मग पाचशे-हजाराच्या, त्याही बहुतेक खऱ्या. शेवटी मोठी जोड येते, दोघे नावाजलेले, दोघांना मानधन आधीच ठरलेलं. इथे खरी गंमत. त्यातला एक चीत झाला तर त्याचा पुढच्या गावचा भाव पडतो. मग अर्धा तास नुसती खडाखडी, मानेला घिस्से, एक जण दुसऱ्याला वावरापर्यंत ढकलतो, आणि पंच बरोबरीत सोडवतात. पब्लिक ओरडतं, "निकाली करा, निकाली करा!" निकाल लागत नाही. दोघे पाकीट घेऊन गाडीत बसतात. सगळे असं करत नाहीत, पण असं करणारे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत.

त्या जोडीच्या नावापुढे "डबल", "ट्रिपल महाराष्ट्र केसरी" लागलं की मानधन वाढतं, गर्दीही वाढते. म्हणजे किताब कष्टानं मिळतो, पण त्यावर पोट भरतं ते दंगलीच्या फ्लेक्सवर. भुसावळवाले म्हणतात ते पोस्टर आणि टी-शर्ट आमच्याकडेही आहेत, फक्त टी-शर्ट नाहीत.

म्हणून विजयचं मला कौतुक वेगळं वाटतं. तिसऱ्या गदेनंतर पोलीस उपअधीक्षकाची नोकरी मिळाली. बाकीच्या बऱ्याच जणांनी नोकरी लागली की लंगोट खुंटीला टांगला. हा २०२३ मध्ये कॅनडात विनिपेगला पोलीस आणि अग्निशमन दलांच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि सुवर्ण घेऊन आला. तिथे कोणी मानधन देत नाही, गावात फ्लेक्सही लागत नाही.

एकवीरा धुळे

नाना, दंडवत.

बिबडं

भुसावळ जंक्शन, एक विचारायचं राहिलं. एकाच वेळी दोन मोठे पट्टे पहिल्यांदा कोणी घातले? आमच्यात वॉरियर म्हणायचे.

भुसावळ जंक्शन

डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये वॉरियरच. १ एप्रिल १९९०, टोरंटो, रेसलमेनिया ६. त्याच्याकडे आधीच इंटरकॉन्टिनेंटल होता, होगनकडून वरचाही घेतला. पण दोन ठेवू दिले नाहीत, खालचा सोडावा लागला. एका माणसाकडे दोन पट्टे म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी पोस्टरवरची जागा गेली, कंपनीला ते परवडत नाही.

दोन वर्ल्ड पट्टे एक झाले ते ९ डिसेंबर २००१ ला. ख्रिस जेरिकोनं एकाच रात्री आधी रॉक आणि मग ऑस्टिनला हरवलं. तो माणूस पुढची कित्येक वर्षं प्रत्येक भाषणात हेच सांगत होता.

कपाशीवाला

दोन पट्टे मुळात कुठून आले होते?

भुसावळ जंक्शन

एक स्वतःचा, एक डब्ल्यूसीडब्ल्यूचा. ती समोरची कंपनी. मार्च २००१ मध्ये यांनी ती विकतच घेतली. कंपनी घेतली, पट्टा घेतला आणि जुना हिशोबही घेतला. फ्लेअरचे डब्ल्यूसीडब्ल्यूचे सहा आज यांच्याच वहीत मोजले जातात ते त्यामुळे.

गणिताचे सर, जामनेर

बघा. म्हणजे तिकडे दोन चॅम्पियनचा घोळ सुटला तो कुस्तीनं नाही, खरेदीखतानं.

फौजदारी डाळ

मग आपणही वर्गणी काढू. एक कुस्तीगीर संघटना विकत घेऊ, राक्षेचे किती धरायचे ते सर ठरवतील.

लालमाती

गंमत म्हणूनही लिहू नका असं. कोणीतरी वाचेल आणि खरंच घेईल.